कसरकाका

पिंपरी-चिंचवडात निवृत्त माणसांच्या दोन जाती आहेत: प्रॉडक्शनवाले आणि क्वालिटीवाले. प्रॉडक्शनवाला घरी बसला की निवांत होतो. जन्मभर ‘माल काढा, माल काढा’ ऐकून त्याचे कान किटलेले असतात. मंडईतून मिळेल ती मेथी आणतो, मिळेल त्या बाकावर बसतो आणि नातवाचं गणित चुकलं तरी ‘होतंय की’ म्हणतो. क्वालिटीवाला निवृत्त होत नाही. कंपनी त्याच्यापुढचा माल तेवढा काढून घेते. नजर त्याच्याकडेच राहते. मग ती मिळेल त्यावर पडते. दुर्गा टेकडीच्या पायऱ्या एकाच उंचीच्या नाहीत, हे त्याला पहिल्याच सकाळी दिसतं. कोथिंबिरीच्या ढिगातून तो तीन जुड्या ‘सॅम्पल’ म्हणून उपसतो आणि तिन्ही परत ठेवतो. सोसायटीच्या गणपतीत आरत्यांचा क्रम बदलला की ‘हे डेव्हिएशन कुणी मंजूर केलं?’ असं विचारतो. सुनेनं पोळी वाढली की आधी उलटून पाहतो.

अशी माणसं या पट्ट्यात गल्लोगल्ली आहेत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग ट्रक आले, स्कूटर आल्या, सुट्या भागांची हजार वर्कशॉपं आली. साताऱ्याहून, कोकणातून, मराठवाड्यातून ट्रंक घेऊन आलेली पोरं इथं आधी साहेब झाली आणि मग काका. त्यांतले एक काका आमच्या मंडळाच्या वाट्याला आले. त्यांचं खरं नाव वहीत आहे, पण आता त्यांना सगळे कसरकाकाच म्हणतात. त्यांच्या घरीसुद्धा.

आमचं मंडळ म्हणजे चिंचवडगावातला जुन्या वस्तूंचा संग्रह. सभागृहाच्या मागं एक लांबट खोली आहे, तिला आम्ही ‘भांडारगृह’ म्हणतो आणि शेजारचे ‘अडगळ’. चिखली, मोशी, चऱ्होली, तळवडे इथल्या वाड्यांच्या जागी टॉवर उठले, तेव्हा माळ्यावरचं जे कुणाला नको होतं ते इथं आलं. पोथ्या, मोडी कागदांचे रुमाल, खोगीर, ढाली, दांडपट्टे, पालखीचा दांडा, दोन पखवाज, एक वीणा, कुणाच्या पणजीचा शालू, कुणाच्या आजोबांची पगडी. देहू आणि आळंदी हाकेच्या अंतरावर असल्यामुळं पखवाज आणि वीणा आमच्याकडं तलवारींपेक्षा जास्त येतात. त्या खोलीत जायचं म्हणजे आधी किल्ली कुणाकडं आहे ते शोधायचं. किल्ली सापडेपर्यंत उत्साह संपायचा, आणि खोली पुन्हा वर्षभर बंद राहायची.

काका तिथं आले ते चाकणच्या संग्रामदुर्गावरच्या व्याख्यानाला. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यानं शाइस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढं हा एवढासा भुईकोट जवळपास दोन महिने झुंजवला. वक्ते रंगात आले होते, सुरुंग उडायच्या बेतात होता, आणि काकांचं लक्ष खोलीच्या उघड्या दाराकडं. तिथं आम्ही मांडणी म्हणून चाकणच्या भंगारवाल्याकडून आणलेल्या लाकडी पॅलेट एकावर एक रचल्या होत्या. बुरूज पडला, टाळ्या झाल्या, तोवर काका त्या पॅलेटपाशी उकिडवे बसून जमिनीवरची पिवळट पूड बोटांत चोळत होते.

“ह्या मटेरियलचा इनवर्ड रिपोर्ट कुठंय?” त्यांनी विचारलं.

आमचा पहिला संवाद हा असा झाला. आमच्याकडं इनवर्ड नव्हतं, रिपोर्टही नव्हता. काका एक्स्पोर्ट पॅकिंगच्या खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी आम्हाला पॅलेटच्या कडेवरचा शिक्का दाखवला: गव्हाची ओंबी, देशाची अक्षरं आणि पुढं एचटी. परदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्यांना आयएसपीएम-१५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम लागू असतो. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंशांची उष्णता सलग ३० मिनिटं पोचली पाहिजे, म्हणजे आतली अळी मरते. इंजिनाच्या सुट्या भागांबरोबर एका देशातला भुंगेरा दुसऱ्या देशाच्या जंगलात उतरू नये, यासाठी ही सगळी खटपट. आमच्या पॅलेटींपैकी पाइनवाल्यांवर शिक्का होता. पण खालच्या दोन ‘जंगलवुड’च्या होत्या, देशी मालासाठी ठोकलेल्या, बिनशिक्क्याच्या. पूड त्यांतूनच पडत होती. आणि त्यांच्यावर काय, तर दीडशे वर्षांचा पालखीचा दांडा.

“गिऱ्हाइकाच्या डोक्यावर रिजेक्शनचा माल,” काका म्हणाले आणि खिशातून लाल चिठ्ठी काढून पॅलेटला लावली. निवृत्त माणसाच्या खिशात लाल चिठ्ठ्या का असतात, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. पुढं कळलं, घरच्या फ्रिजसाठी.

त्या रात्री त्यांनी दांड्याखाली काळा कागद अंथरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहिला. पूड जुनी असेल तर ती हादऱ्यानं पडते आणि थांबते. ताजी असेल तर रोज त्याच जागी छोटा ढीग होतो. कागदावर ढीग होता. फिकट, ताजा, अगदी मऊ. काकांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी पुढं त्यांच्या नातवाच्या बारशालाच पाहिला.

पुढच्या महिन्याभरात खोलीचा प्लान्ट झाला. मांडण्या लोखंडी आल्या, जमिनीपासून सहा इंच वर आणि भिंतीपासून हातभर पुढं; कारण वाळवी भिंत-जमिनीच्या सांध्यातून मातीची नळी बांधत वर चढते, आणि ती नळी दिसायला मागं डोकं घालता आलं पाहिजे. जमिनीवर पिवळे पट्टे मारले गेले. दाराशी एक चौकोन आखून आत लिहिलं: ‘क्वारंटाइन. नवीन वस्तू इथेच’. एका माजी नगरसेवकांनी वडिलांचा फेटा देणगी दिला, तर काकांनी तो त्यांच्याच हातून त्या चौकोनात ठेवून घेतला आणि म्हणाले, “पंधरा दिवसांनी निकाल कळवतो.” भिंतीच्या कडेकडेनं चिकट सापळे लागले, प्रत्येकाला नंबर, तारीख आणि काकांची सही. किडे मोकळ्या मैदानातून जात नाहीत, भिंतीच्या कडेनं जातात. त्यामुळं खोलीच्या मधोमध सापळा लावणं म्हणजे, काकांच्या शब्दांत, हायवेच्या दुभाजकात टोलनाका बांधणं. दर पंधरा दिवसांनी सापळे मोजायचे आणि वहीत लिहायचे. त्या वहीवर सुवाच्य अक्षरात ‘मस्टर’ असं लिहिलं आहे.

मस्टर म्हटलं की हजेरी आली आणि पाळ्याही. काकांनी किड्यांना चक्क पाळ्या लावल्या आहेत. कसर ही नाइट शिफ्टवाली. चंदेरी, बिनपंखांची, दिवा लावला की पसार. कागदाचा वरचा पापुद्रा खरवडून खाते. खळ, सरस, फोटोचा चकचकीत थर तिला फार आवडतो. तिला दमट हवा लागते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये तिचा ओव्हरटाइम. ही बाई आयुष्यभर कात टाकत राहते. पूर्ण वाढ झाली तरी थांबत नाही. काकांना तिच्याबद्दल छुपी आपुलकी असावी, असा मला संशय आहे. पुस्तकांत सरळ भोकं पाडणारा तपकिरी भुंगेरा जनरल शिफ्टचा. त्याची अळी पुठ्ठ्याच्या बांधणीत बसून महिनोन्महिने खाते आणि मग प्रौढ किडा भोक पाडून बाहेर पडतो. “काम सगळं अप्रेंटिस करतात,” काका सांगतात, “साहेब नुसते राउंड मारतात.” हे शास्त्राला धरून आहे. कपड्यांच्या पतंगाचं तेच: पतंग काही खात नाही, लोकर आणि रेशीम खाते ती अळी. मंडळातल्या कामगार-नेत्याला हे वाक्य इतकं आवडलं, की पुढच्या गेट मीटिंगमध्ये त्यानं ते वापरलं.

एके दिवशी काकांनी आमच्या अध्यक्षांना, म्हणजे भाऊंना, खोलीत बोलावलं. भाऊ राजकारणातले, पाच मिनिटांच्या वर कुठं थांबत नाहीत. काकांनी भिंतीकडं बोट केलं. भिंतीवर तांदळापेक्षा जरा मोठी, राखाडी, दोन्ही टोकांना निमुळती अशी चपटी पिशवी चिकटलेली होती. आपल्या सगळ्यांच्या घरात ती असते, पंख्यामागं, न्हाणीघराच्या भिंतीवर, आणि आपण तिला प्लास्टरचा पोपडा समजून झाडूनं उडवतो.

“पोपडा आहे,” भाऊ म्हणाले.

“थांबा.” काकांनी भिंग दिलं.

दोन मिनिटं काही झालं नाही. भाऊंचा फोन वाजला, त्यांनी कापला. मग पिशवीच्या एका टोकातून गडद रंगाचं बारीक डोकं बाहेर आलं, पुढची पाय-जोडी भिंतीला रोवली गेली आणि पिशवी पुढं ओढली गेली. थोडी चाल झाल्यावर डोकं आत गेलं, पिशवी जराशी हलली, आणि तेच डोकं दुसऱ्या टोकातून बाहेर येऊन प्राणी उलट्या दिशेनं निघाला. न वळता दिशा बदललेली पाहून भाऊंनी भिंग डोळ्याला घट्ट लावलं.

“हा तर आमच्यातलाच आहे,” ते म्हणाले.

काकांनी राजकीय भाष्याकडं दुर्लक्ष केलं. त्यांनी सांगितलं की ही एका पतंगाची अळी. स्वतःच्या रेशमात धूळ-वाळू विणून हा घर-कम-गाडी बनवते, कोळ्याची जाळी, केस, लोकर खाते. आपल्या पगडीला हात लावायच्या आधी ती जाळी झाडली पाहिजेत. भाऊ तिथं वीस मिनिटं होते. बाहेर गाडीत ड्रायव्हर घाबरला.

या विद्येचा घरी काय परिणाम झाला, ते काकूंना विचारावं. पोथीच्या बांधणीतला तपकिरी भुंगेरा आणि हळदीच्या डब्यातला भुंगेरा एकच आहे, हा शोध काकांनी लावला तो काकूंच्या स्वयंपाकघरात. शोध त्यांचा नव्हे, जुनाच आहे. हळद, धने, मिरची, बिस्किटं, औषधी मुळ्या आणि पुस्तकाचा पुठ्ठा या किड्याला सारखेच गोड लागतात. पण काकूंच्या डब्यावर लाल चिठ्ठी लावून “हा लॉट होल्डवर आहे” असं म्हणणारे ते बहुधा जगातले पहिले.

“अहो, ती हळद आहे, पुरावा नव्हे,” काकू म्हणाल्या.

“सोर्स सापडल्याशिवाय डबा क्लोज करता येत नाही.”

“मग तुमचा डबाही आज होल्डवर.”

त्या दिवशी काका आमच्याबरोबर वडापाव जेवले. खोलीबाहेर, अर्थातच. आत खाणं बंद आहे.

एकदा मंडळाची सहल पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेली. दिनकर केळकर, जन्म १८९६, ‘अज्ञातवासी’ नावानं कविता करणारे. गावोगाव फिरून त्यांनी वीस हजारांच्या वर वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या राजा या मुलाचं नाव संग्रहाला दिलं आणि १९७५ साली सगळं सरकारच्या हवाली केलं. आमची मंडळी मस्तानी महालापुढं फोटो काढत होती. काकांची पाहणी वेगळीच. पितळी दिवे: “चिंता नाही.” अडकित्ते: “चिंता नाही.” दगडी मूर्ती: “मजा आहे.” कोरीव दारं: इथं चाल मंदावली. वाद्यांच्या दालनात मात्र ते खांबासारखे उभे राहिले. लाकूड, चामडं, तात, शाई, सगळं एका वस्तूत. काकांच्या लेखी इतिहासाचे कालखंड दोनच: खाण्याजोगा आणि न खाण्याजोगा. एवढा खाण्याजोगा इतिहास एका माणसानं गोळा केला आणि तो नीट उभा आहे, हे पाहून त्यांनी तिथल्या पहारेकऱ्याला बाहेर बोलावून चहा पाजला. “ह्या माणसाला सगळं माहीत असतं,” ते म्हणाले, “रोज झाडताना कुठं काय पडलंय, हे क्युरेटरच्या आधी त्याला कळतं.” यात मला तरी काही खोट काढता आली नाही.

औषध फवारणारा मात्र काकांना चालत नाही. आमच्यापैकी एकानं परस्पर एकाला बोलावलं होतं. तो पाठीवर टाकी लावून दारात उभा राहिला, आणि काका पोथ्यांच्या आड. फवाऱ्यानं दिसतात ते किडे मरतात, पुठ्ठ्यातल्या अळ्या राहतात आणि कागदावर डाग कायमचा पडतो, असं त्यांचं म्हणणं. डांबरगोळ्यांवरही त्यांचा राग: उघड्या खोलीत किड्याला त्यांचं फार काही होत नाही, माणसाचं डोकं तेवढं दुखतं. पूर्वी मोठमोठ्या संग्रहालयांत सोमल आणि डीडीटी चोपडत. युरोप-अमेरिकेतले लोक त्या जुन्या वस्तू अजून हातमोज्यांशिवाय धरत नाहीत. किडे गेले, विष राहिलं.

मग उपाय काय? थंडी. उणे २० अंशांत निदान आठवडाभर, घरगुती उणे १८ असेल तर दोन आठवडे. अंडं, अळी, कोष, किडा, सगळे गार. एवढा थंड डबा कुणाकडं असतो? आइस्क्रीमवाल्याकडं. स्टेशनजवळच्या एका दुकानदारानं कौतुकानं डीप फ्रीझरचा एक कप्पा दिला. काकांनी पोथी जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत हवा काढून सीलबंद केली, आत शिल्लक पॅकिंगमधली सिलिका जेलची पुडी टाकली आणि थर्मामीटर लावला. दुकानदाराचा मुलगा वैतागला. गिऱ्हाईक काचेतून डोकावून विचारायचं, “ते लाल काय आहे? नवीन फ्लेवर?” आणि हा सांगायचा, “भागवत. दशम स्कंध. फॅमिली पॅक नाहीये.” बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस फोडायची नाही, नाहीतर गार पोथीवर हवेतलं पाणी जमतं. म्हणून काका त्या रात्री दुकानाच्या पायरीवरून हलले नाहीत, कुणी उत्साहानं फोडेल म्हणून. हस्तिदंत, काच, रंगवलेलं लाकूड या कप्प्यात जात नाही, तडकतं. पालखीच्या दांड्यावर जुना रंग, शिवाय तो कप्प्यात मावेना. त्यासाठी नायट्रोजन: दांडा हवाबंद आवरणात घालून आतला प्राणवायू अर्ध्या टक्क्याच्या खाली आणायचा आणि तीन आठवडे तसाच ठेवायचा. इतर कुठं हे अवघड गेलं असतं. पण चाकण-भोसरीत नायट्रोजनचा सिलिंडर दळणाच्या डब्याइतक्या सहज उसना मिळतो. काकांनी एका जुन्या व्हेंडरला फोन केला. त्या व्हेंडरचा माल काकांनी वीस वर्षं रिजेक्ट केला होता. काकांचा आवाज ऐकताच बिचाऱ्यानं सवयीनं “बदलून देतो साहेब” असं म्हटलं.

काकांना एकच माणूस पुरून उरला, ते म्हणजे आमचे आबा. आबांच्या घरी पिढ्यांच्या पोथ्या आहेत, एकीलाही भोक नाही. काकांनी मोठ्या आदरानं पद्धत विचारली. आबांनी सांगितलं: लाल कापडात घट्ट बांधायचं, कडुलिंबाचा पाला, वेखंड, तंबाखूचं पान, मिळाली तर सापाची कात, शिवणीच्या खळीत मोरचूद.

“ह्याचा ट्रायल रिपोर्ट?” काका.

“आमच्या खापरपणजोबांची पोथी. पहा.”

काकांनी पोथी भिंगाखाली धरली, पान पान पाहिलं आणि परत दिली. त्यांना लाल चिठ्ठी लावायला जागा मिळाली नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “उघडता कधी?” आबा म्हणाले, “चातुर्मासात रोज. बाकी एकादशीला.” तेव्हा काकांचा चेहरा खुलला. वेखंडाचं श्रेय वेखंडाला, पण किड्याला सगळ्यात जास्त त्रास होतो तो ऊठबस करणाऱ्या माणसाचा. ज्या बस्त्याला वर्षानुवर्षं हात लागत नाही, तिथं तो निर्धास्त संसार मांडतो. पुण्याच्या पेशवे दफ्तराच्या १८९१ सालच्या इमारतीत कोट्यवधी मोडी कागद रुमालांत बांधून आहेत. १९३० ते ३४ या काळात इतिहासकार सरदेसायांनी त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड छापले. काकांच्या मते ते रुमाल सोडणाऱ्या हातांनी इतिहासाची सेवा केलीच, शिवाय कसरीची झोपमोडही केली. एवढं म्हणून काका आणि आबा एका पक्षात आले, आणि मंडळातल्या इतरांची पंचाईत झाली.

खरी पंचाईत व्हायची होती ती भाऊंची.

दोन वर्षांचं मस्टर भरल्यावर काकांनी फळ्यावर आलेख काढला. पावसाळ्यात कसर वाढायची, ते अपेक्षित. पण दरवर्षी दसऱ्यानंतर लोकरकिड्याचा आकडा उसळायचा, आणि तोही सात, आठ, नऊ या सापळ्यांतच. म्हणजे शस्त्रांच्या भिंतीपाशी. लोकरकिडा हा संग्रहालयांचा खानदानी शत्रू. त्याच्या एका जातीला १७६१ साली लिनिअसनं चक्क ‘म्युझियमचा’ असंच शास्त्रीय नाव दिलं आहे. त्याची केसाळ अळी चामडं, लोकर, पिसं खाते. काकांनी कार्यकारिणीची बैठक बोलावली, फळ्यावर माशाचा सांगाडा काढला आणि पाच वेळा ‘का’ विचारायला सुरुवात केली. या पट्ट्यातल्या प्रत्येक कंपनीत हा खेळ चालतो. शेवटच्या ‘का’ला कुणातरी गरिबाची बदली होते.

किडे खोगिराशीच का? कारण तिथं खायला आहे. खायला का आहे? कारण खोगिराच्या शिवणीत तांदूळ, हळद, कुंकू आणि वाळलेल्या पाकळ्या आहेत. काकांनी चिमट्यानं काढलेला नमुना बशीतून फिरवला. त्या का आहेत? कारण पूजा होते. पूजा खोलीतच का होते?

सगळे भाऊंकडं पाहू लागले.

खंडेनवमी म्हणजे या गावाचा खरा सण. त्या दिवशी भोसरी, पिंपरी, चाकणच्या प्रत्येक शेडमध्ये लेथला झेंडूचा हार चढतो, प्रेसपुढं नारळ फुटतो, फोर्कलिफ्टला कुंकू लागतं. भाऊंनी ही प्रथा मोठ्या भक्तीनं आमच्या भांडारगृहात आणली होती. तलवारी, ढाली, खोगीर, पखवाज, सगळ्यांवर हळद-कुंकू, अक्षता, झेंडूच्या माळा, वर पेढे. शंभर माणसं, फोटो, आणि मग माळा वाळून गळेपर्यंत दाराला कुलूप.

“लोकरकिड्याचे साहेब लोक फुलांच्या परागावर जगतात,” काका शांतपणे म्हणाले. “आपण त्यांना झेंडूबरोबर पालखीत बसवून आत आणतो. इथं आल्यावर पुढच्या पिढीसाठी खोगीर आहे, ढाल आहे. पखवाजाच्या धुमेला वाळलेली कणीक आहे. हळदीत दुसरा पाहुणा. सगळी सोय आहे.”

“म्हणजे किडा मी?” भाऊंचा आवाज चढला.

“नाही भाऊ. किडा नुसतं सिम्प्टम. तुम्ही रूट कॉज.”

त्या बैठकीचं इतिवृत्त लिहिणाऱ्यानं हे वाक्य गाळलं आहे. भाऊ उठून उभे राहिले. “कंपनीत तुम्हीही मशिनला झेंडू बांधतच होता ना?”

“जन्मभर. आणि दसरा झाला की पहिल्या पाळीला माळ उतरवून, मशीन पुसून, चेकशीटवर सही करत होतो. शिवाय भाऊ, मशीन लोखंडाचं होतं. खोगीर चामड्याचं आहे.”

भाऊ बसले. रागावलेला माणूस उभा राहून पुन्हा बसतो, तेव्हा त्याच्या डोक्यात फोटोचा विचार आलेला असतो. पूजा खोलीत करायची नाही तर फोटो कुठं काढायचे? काकांकडं उत्तर तयार होतं, कागदावर नकाशासह. पूजा अंगणात, मांडवात. तलवारी आणि दांडपट्टे बाहेर येतील. पोलाद कुणी खात नाही, पुसून परत जाईल. खोगीर, ढाली, पखवाज येणार नाहीत. त्यांच्या मोठ्या छबी लावायच्या आणि हळद-कुंकू छबीच्या काचेला. मांडवात माणसंही जास्त मावतील. हे शेवटचं वाक्य भाऊंना पटलं. ठराव एकमतानं मंजूर झाला, आणि भाऊंनी भाषणात ‘माझ्या संकल्पनेतून साकारलेली पर्यावरणपूरक खंडेनवमी’ असं जाहीर केलं. काकांनी काही आक्षेप घेतला नाही. करेक्टिव्ह अ‍ॅक्शन कुणाच्या नावावर क्लोज होते याला महत्त्व नाही, ती क्लोज झाली पाहिजे, असं ते म्हणतात. कंपनीतही त्यांचं असंच व्हायचं, असं काकू म्हणतात.

ज्या गावात एका रुपयाच्या बोल्टचा आटा तपासायला पगारी माणूस असतो, त्या गावात दोनशे वर्षांच्या पोथीखाली वाकून बघायला एक निवृत्त काका, तेही फुकट, हे काही भूषणावह नाही. तेव्हा ज्यांना जमेल त्यांनी यावं. दर गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहाला सापळे मोजतात. शिक्षणाची, अनुभवाची अट नाही. गुडघे मात्र धड हवेत, कारण सगळं काम जमिनीलगत आहे. टॉर्च स्वतःची आणावी, खिशात शेंगदाणे-फुटाणे आणू नयेत, आणि घरून जुनी वस्तू देणगी आणली असेल तर ती दाराशीच्या चौकोनात ठेवून पंधरा दिवस निकालाची वाट पाहावी. चहा मिळेल. खोलीबाहेर.